समोरचा येतो का?

अठरा हजार रुपये ही मोठी अडचणीची रक्कम आहे. सोडून द्यावी तर जीव तुटतो. कोर्टात जावं तर वकिलाची फी, कोर्ट फी आणि तारखांपायी बुडणारा रोजगार यांत ती तिथेच संपते. वडगावच्या विणकराची अडलेली मजुरी, अनगोळच्या भाडेकरूचं परत न मिळालेलं डिपॉझिट, खानापूरच्या गवंड्याचं शेवटचं बिल, चंदगडच्या माणसाकडून घेतलेल्या जुन्या मोटारसायकलचे अजून हातात न पडलेले कागद. बेळगाव आणि आसपासची रोजची भांडणं साधारण याच मापाची असतात. ती दाखल होत नाहीत, म्हणून कुठल्या तक्त्यात दिसत नाहीत. चहाच्या टपरीवर मात्र दिसतात: एक आला की दुसरा अर्धा कप ठेवून उठतो.

अशा भांडणांसाठी ऑनलाइन सेवा काढायची कल्पना आता नवी नाही. तिचा तांत्रिक भाग तर त्यातल्या त्यात सोपा. तक्रारीचा फॉर्म, कागद चढवायची सोय, व्हिडिओवरची बैठक, आधारवरून ई-सही हे सगळं तयार मिळतं आणि दोन-तीन महिन्यांत जोडून होतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच. तक्रार करणारा येतो, कारण त्याला गरज असते. ज्याच्याकडून पैसे यायचेत त्याला कसली गरज? ही सेवा वाढली की नाही हे नोंदलेल्या तक्रारींवरून ठरवू नये. समोरचा किती वेळा आला, यावरून ठरवावं.

बाहेरची तीन उदाहरणं पाहिली तर हे लख्ख दिसतं. ईबे या ऑनलाइन बाजाराच्या यंत्रणेत वर्षाला सहा कोटींच्या आसपास वाद हाताळले जात, असं नेहमी सांगितलं जातं. तिथे विक्रेता उत्तर द्यायचा, कारण त्याचं दुकान त्याच फळीवर मांडलेलं होतं; गप्प बसला तर धंदा बसला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१६ साली ऑनलाइन न्यायाधिकरण सुरू झालं आणि २०१७ पासून ५,००० डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे त्याच्याकडे आले. तिथे समोरच्यानं उत्तर दिलं नाही तर निर्णय त्याच्याविरुद्ध जाऊ शकतो, कारण पाठीशी कायदा उभा आहे. युरोपीय संघानेही २०१६ मध्ये ग्राहकांसाठी असं व्यासपीठ उघडलं. अनेक भाषांतलं, देखणं, फुकट. पण बहुतेक व्यापारी उत्तरच देत नसत आणि द्यायला भाग पाडणारं काही नव्हतं. २० जुलै २०२५ रोजी ते बंद झालं. आपल्याकडे कुणी खासगी सेवा काढली तर ती या तिसऱ्या जातीची असते: हातात पैसा नाही, काठी नाही. उरतात फक्त सोय, ओळख आणि समोरच्याचाही फायदा. त्यांवर ती कशी चालवायची, एवढाच खरा प्रश्न.

आधी काय घ्यायचं नाही ते ठरवावं. जमिनीचा बांध, वाटणी, मालकी, वहिवाट घेऊ नये. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीत हक्क निर्माण करणारा किंवा सोडणारा कागद नोंदणीशिवाय चालत नाही आणि बांधाला मोजणी लागते. फोनवर ते होत नाही. घरातली मारहाण, मुलांचा ताबा, तडजोड न होणारे गुन्हे घेऊ नयेत. सहकारी संस्थांचे वाद तर मुळीच नाहीत. सीमाभागात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि ‘पिग्मीचे पैसे परत देत नाहीत’ ही तक्रार पहिल्याच आठवड्यात येते. सभासद आणि संस्था यांच्यातल्या वादाला कायद्यानं स्वतंत्र वाट आखून दिली आहे. कर्नाटकात नोंदलेली साधी सहकारी संस्था असेल तर १९५९ च्या कायद्याचं कलम ७०, ‘सौहार्द’ प्रकारात वेगळी नोंदलेली संस्था असेल तर तिचा १९९७ चा कायदा, आणि दोन्ही राज्यांत पसरलेली बहुराज्य संस्था असेल तर २००२ चा केंद्रीय कायदा व त्यातला लवाद. संस्थेचा नोंदणी क्रमांक पासबुकावर छापलेला असतो. तो बघून माणसाला योग्य दारात पाठवणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि त्यातून नाव होतं.

उरतं ते पाच हजारांपासून दोन लाखांपर्यंतचं: मजुरी, उधारी, डिपॉझिट, छोटी कंत्राटं, जुनी वाहनं, दुरुस्तीची कामं, मित्राला दिलेले हातउसने. सुरुवात एकाच प्रकारापासून करावी. सगळं एकदम घेतलं की मध्यस्थाला काहीच नीट येत नाही. वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या यंत्रमागांची मजुरी हा सुरुवातीला उत्तम प्रकार, कारण दोन्ही बाजू एकाच वस्तीत राहतात, पुढच्या हंगामात पुन्हा एकमेकांचं तोंड बघणार असतात आणि हिशेब साड्यांत मोजता येतो.

आता समोरच्याला बोलावणं. इथे बहुतेक सेवा पहिल्याच दिवशी हरतात, कारण बोलावणं वकिली नोटिशीसारखं लिहितात. ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते की’ वाचलं की माणूस एक तर घाबरतो किंवा वकिलाकडे जातो. आणि ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या ऐकलेला माणूस कोर्टाचं नाव आणि खाली निळी लिंक दिसली की संदेश पुसून टाकतो. तो करतो ते बरोबरच आहे. म्हणून पहिल्या संदेशात लिंक नको, कायद्याचं कलम नको, आणि रक्कमही नको. फोन पुष्कळदा घरातला असतो. मुलगा वाचतो, सून वाचते. कर्जाचा आकडा चारचौघांत गेला की समोरचा आधीच दुखावलेला येतो, किंवा येतच नाही. पहिला संदेश एवढाच पुरतो:

‘नमस्कार. वडगावचे (तक्रारदाराचं नाव) यांना तुमच्याशी हिशेबाबद्दल बोलायचं आहे. त्यांनी आम्हाला मध्ये घातलं आहे. आम्ही कोर्ट नाही, वसुलीवाले नाही. तुमची बाजू आधी ऐकू. संध्याकाळी फोन करतो. नको असेल तर तसं सांगा.’

यात तक्रारदाराचं नाव हवंच, नाहीतर फसवणूक वाटते. ‘नको असेल तर तसं सांगा’ हे वाक्य काढायचा मोह होतो, काढू नये. नाही म्हणायची मोकळीक दिली की माणूस निदान फोन उचलतो. आणि फोनवर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “देणार की ओ, खरं आत्ता नाही.” (इकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.) हा नकार नव्हे. देणं मान्य आहे, वेळ मान्य नाही, एवढाच त्याचा अर्थ. अनुभवी मध्यस्थ इथे ‘मग कधी?’ असं विचारत नाही. ‘किती देणं आहे असं तुम्ही धरता?’ असं विचारतो, कारण आकडा ठरल्याशिवाय तारखेला किंमत नसते.

या संदेशाची एक आर्थिक बाजूही आहे. इंग्रजी एसएमएस एकात १६० अक्षरांचा जातो, देवनागरी किंवा कन्नड लिपीतला फक्त ७० चा. त्याहून लांब झाला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येकाचे पैसे लागतात. शिवाय काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘श्री’ म्हणजे एक नव्हे, चार. वरचा संदेश तीन-चार एसएमएसचा होतो. व्यावसायिक एसएमएस पाठवायला नाव आणि मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी प्रणालीवर आधी नोंदवावा लागतो. साच्यात आणि पाठवलेल्या मजकुरात फरक पडला की संदेश अडतो. म्हणून मराठी आणि कन्नड असे दोन साचे पहिल्याच आठवड्यात मंजूर करून ठेवावेत. सात दिवसांत काही आलं नाही तर दुसरा संदेश, मग स्पीड पोस्टानं छापील पत्र, पोचपावतीसह. पत्राला अजून मान आहे. तिसाव्या दिवशी थांबावं आणि तक्रारदाराला लेखी सांगावं की समोरचा आला नाही, आता पुढच्या वाटा या. चौथ्यांदा, पाचव्यांदा फोन करणारी सेवा वसुलीवाल्यांच्या रांगेत जाऊन बसते. गावच्या ग्रुपवर नाव टाकणं तर दूरच ठेवावं; गुप्तताही जाते आणि अब्रूनुकसानीचा दावा आपल्यावर येतो.

पत्रावरच्या पत्त्यात एक गंमत आहे. फॉर्मवर शहराचं नाव बेळगाव की बेळगावी, यावरून भांडण मिटवायच्या जागी नवं भांडण उभं राहू शकतं. पिनकोड विचारावा, नाव ज्याचं त्याला लिहू द्यावं. ५९०००१ ला दोन्ही नावं चालतात. सीमेचा मोठा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो साडीच्या मजुरीत आणायचं कारण नाही.

भाषेचं काम मात्र थट्टेवारी न्यायचं नाही. बेळगावात बहुतेकांना दोन्ही भाषा बोलता येतात, म्हणून वाचताही येतात असं समजणं ही नेहमीची चूक. मराठी शाळेत शिकलेल्याला कन्नड करारनामा वाचता येत नाही, आणि गोकाक-बैलहोंगलकडच्या व्यापाऱ्याला मराठी. तालुका कोर्टात कन्नड आणि इंग्रजी चालतं. मराठीतला समझोता पुढे तिथे दाखवायची वेळ आली तर भाषांतर जोडावं लागतं. म्हणून कागद पहिल्यापासूनच दोन भाषांत करावा, दोन्हींवर सह्या घ्याव्यात आणि अर्थात फरक निघाला तर कोणती प्रत धरायची हे एका ओळीत लिहून टाकावं. रक्कम आकड्यात एकाच पद्धतीने आणि अक्षरात दोन्ही भाषांत. नाव आधारवर जसं आहे तसं. कर्नाटकातल्या आधारवर ते कन्नड आणि इंग्रजीत असतं, मराठीत माणूस तेच वेगळं लिहितो, आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या अंमलाच्या वेळी ‘तो मी नव्हेच’ म्हणायला तेवढं पुरतं. सही घेण्याआधी सगळा मजकूर फोनवर वाचून दाखवावा. व्यक्तिगत माहिती घेतानाची संमती-सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळायची सोय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंच सांगितली आहे. मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही त्यात येतात.

बैठकीत काय होतं ते एका हिशेबावरून पाहू. समजा, विणकर म्हणतो ४६ साड्या, दर ४००, एकूण १८,४०० येणं. मालक म्हणतो, दहा हजारांवर एक पैसा देणार नाही. दोघांना समोरासमोर आणलं की पहिली दहा मिनिटं गेल्या दिवाळीचा बोनस निघतो. त्याऐवजी दोघांशी आधी वेगवेगळं बोलून एका पानावर तीन रकाने करावेत: मान्य, अमान्य, पुरावा. ४६ साड्या दिल्या हे मालकाला मान्य. त्यातल्या ९ साड्यांना डाग, म्हणजे ३,६०० अमान्य. शिवाय सूत कमी भरलं म्हणून १,००० कापायचे. म्हणजे मालकाच्याच बोलण्यातून १३,८०० देणं निघतं; दहा हजार हा रागाचा आकडा होता. खरं भांडण ४,६०० चं. हे पान दोघांना एकाच वेळी दाखवलं की आवाज खाली येतो. मग डागांचे फोटो, सूत दिल्याच्या दिवशीचं वजन. डागांत दोघांनी निम्मं सोसलं, म्हणजे १,८०० गेले, सुताचे ६०० कापले, राहिले १६,०००. चार हजार आज, आणि चार-चार हजारांचे तीन हप्ते. पाऊण तासात एवढं होतं. त्याआधी फोनवर गेलेले दोन-तीन तास कुणी मोजत नाही, पण सेवेचा खरा खर्च तिथे असतो.

कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला व्हिडिओ चालेल याची खात्री धरू नये. साधा कॉन्फरन्स कॉल आणि आधी पाठवलेलं ते एक पान पुरतं. वेळ रात्री आठनंतरची ठेवावी. बैठकीचं रेकॉर्डिंग करू नये आणि कुणी करणार नाही हे आधी कबूल करून घ्यावं. तडजोडीत माणूस जे सोडतो ते उद्या त्याच्याविरुद्ध वापरलं जाणार असेल तर तो काहीच सोडणार नाही. पुराव्याचं मात्र उलट. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट घेऊन मूळ चॅट पुसणारे फार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा) लिहावी लागते. एक भाग नोंद सादर करणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. मूळ फोन जपून ठेवा, हे नोंदणीच्या दिवशीच सांगावं.

आता कागद. ‘उसाचं बिल आलं की देईन’ हे कलम करारात कधीही घालू नये. कायद्यानं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे यायचे असतात, प्रत्यक्षात काय होतं ते अथणी-चिकोडीकडच्या कुणालाही विचारा. तारीख म्हणजे तारीख. हप्ता चुकला तर काय, हे लिहिताना जबर दंडव्याज घालायची हौस असते. करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट अवाजवी दंड कापतं. त्यापेक्षा सूट मागे घ्यावी: हप्ता दहा दिवसांहून जास्त थकला तर १६,००० ची तडजोड रद्द, मूळ १८,४०० धरून भरलेले वजा करून उरलेले देणं एकदम. हे रास्तही दिसतं आणि टिकायची शक्यताही जास्त. पैसे सेवेनं स्वतःच्या खात्यात घेऊ नयेत, थेट एकाकडून दुसऱ्याकडे जावेत; दुसऱ्यांचे पैसे सांभाळायला लागलं की रिझर्व्ह बँकेचे नियम दारात येतात. हप्त्यांसाठी बँकेचा ई-मॅन्डेट, म्हणजे ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, घेता आला तर उत्तम. तो परतला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली धनादेश न वटल्यासारखीच कारवाई होऊ शकते.

मुद्रांकाकडे दुर्लक्ष होतं आणि ते पुढे नडतं. अपुऱ्या मुद्रांकाचा कागद पुराव्यात घेतला जात नाही. घ्यायचा तर राहिलेलं शुल्क आणि कर्नाटकात त्याच्या दहापटीपर्यंत दंड. दोन राज्यांचे दर वेगळे असतात. कागल किंवा गडहिंग्लजमध्ये सही झालेला कागद बेळगावच्या कोर्टात वापरायचा असेल तर फरकाचं शुल्क आधीच भरून मोकळं व्हावं.

एवढं करूनही तो कागद म्हणजे एक करार. मोडला तर दावा पहिल्यापासून. २०२३ चा मध्यस्थता कायदा मध्यस्थीतल्या समझोत्याला हुकूमनाम्यासारखा अंमल देतो आणि ऑनलाइन मध्यस्थीला जागा देतो हे खरं. पण त्याची सगळी कलमं एकाच वेळी लागू केलेली नाहीत. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या अधिसूचनेत अंमलाचं कलम २७ नव्हतं. म्हणून राजपत्र पाहिल्याशिवाय ‘आमचा समझोता म्हणजे कोर्टाचा निकाल’ अशी जाहिरात करू नये. खात्रीची वाट जुनीच आहे: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालची लोकअदालत. दावा दाखल व्हायच्या आधीचं प्रकरणही तिथे नेता येतं, फी लागत नाही, आणि तिथल्या निवाड्याला कलम २१ नं दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा आहे, वर अपील नाही. ऑनलाइन ठरवावं आणि पन्नास हजारांवरचं किंवा लांब हप्त्यांचं असेल तर पुढच्या लोकअदालतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत निवाडा करून घ्यावा. यासाठी प्राधिकरणाशी संबंध ठेवणं हे ॲप चकचकीत करण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं काम आहे.

इथे कुणीतरी लवादाचं नाव काढतो. लवादाला समोरचा यावाच लागत नाही, नोटीस दिली की एकतर्फी निवाडा. मग सेवा झपाट्यानं वाढते. वाढतेच. एखादी कर्ज देणारी कंपनी एका दिवसात हजारो फायली पाठवते, लवाद त्याच कंपनीच्या यादीतला, आणि निपाणीच्या कर्जदाराला दूरच्या शहरातून इंग्रजी पीडीएफ येते. निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, आणि असे निवाडे उलटतात. पण कोर्टात उलटण्याआधीच ते गावात उलटलेले असतात: ही सेवा म्हणजे फायनान्सवाल्यांचा हात, एवढं एकदा पसरलं की विणकरांचा मालकही फोन उचलत नाही. कुठल्याही एका संस्थेच्या फायली एकूण कामाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नयेत, अशी मर्यादा स्वतःवर घालून घ्यावी. पैसा कमी येतो. येऊ दे.

तोवर दुसरीकडे घड्याळ चालू असतं. बोलणी चालली म्हणून मुदत थांबत नाही. पैशाच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षं. ती संपण्याआधी समोरच्यानं देणं सहीनिशी कबूल केलं तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. समझोता झाला नाही तरी बैठकीबाहेर एवढी कबुली मिळाली तर तक्रारदाराचं मोठं काम होतं, फक्त त्याचा अर्थ समोरच्याला नीट सांगून मगच घ्यावी. धनादेश न वटल्याचं प्रकरण तर दिवसांवर चालतं: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद. अशी फाइल आली की बोलावण्याचा तीस दिवसांचा रिवाज बाजूला ठेवावा, नोटीस आधी जाऊ द्यावी, बोलणी तिच्या बरोबरीनं करावीत.

सीमेचा त्रास आणि सीमेचा फायदा दोन्ही या भागाला आहे. चंदगडचा देणेकरी आणि बेळगावचा निवाडा असेल तर अंमलासाठी हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो. होतं, पण कागद फिरायला वेळ जातो. म्हणून सीमेपलीकडच्या माणसाशी तडजोड करताना रोख भाग मोठा आणि हप्ते कमी ठेवावेत. उलट ग्राहकाचं प्रकरण असेल तर कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूची तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात करता येते, कारण २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथे राहतो तिथे दाद दिली आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. उद्यमबाग-मच्छेच्या छोट्या कारखानदाराचं बिल पुण्याच्या कंपनीनं अडवलं तर सूक्ष्म-लघुउद्योग कायद्याखालची परिषद पुरवठादाराच्या भागातली असते, आणि ४५ दिवसांनंतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ही माहिती समोरच्यालाही शांतपणे द्यावी. धमकीच्या सुरात नव्हे. ‘इथे मिटलं नाही तर तुम्हाला बेळगावला यावं लागेल’ एवढंच. बाहेरगावच्या कंपनीचा माणूस बोलणीला बसतो तो पुष्कळदा याच वाक्यानंतर.

जुन्या गाड्यांचं प्रकरण सीमाभागात वेगळंच असतं, कारण तिथे पैसे दिलेले असतात, कागद अडलेले असतात. एमएच ०९ ची मोटारसायकल बेळगावच्या माणसानं घेतली, वर्ष झालं, नाव जुन्याच मालकाचं. इथे समझोता म्हणजे कामांची उतरंड: थकलेली चलनं कुणी भरायची, कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सचं पत्र आणि फॉर्म ३५, मग मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वरची ना-हरकत, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि इकडे केए २२ ला नोंद व कर. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख लिहावी. काही रक्कम राहिली असेल तर ती ना-हरकत हातात पडेपर्यंत देऊ नये असं ठरवावं. ‘दोघांनी सहकार्य करावे’ असं लिहिलेला समझोता दुसऱ्या आठवड्यात मोडतो.

वाढ करायची ती जाहिरातीनं होत नाही. वकिलांना फाइलमागे दलाली देणं तर व्यवसायाच्या नियमात बसत नाही. व्यापारी संघटना, यंत्रमागधारकांच्या संघटना, ‘ग्राम-वन’ (सरकारी सेवा देणारी गावातली) केंद्रं चालवणारे, सेंट्रिंगच्या सामानाचे दुकानदार यांच्याकडे आधी भांडणं येतात. बिलबुकाच्या तळाला ‘हिशेबात फरक वाटल्यास आधी या क्रमांकावर बोलू’ एवढी ओळ छापून घ्यावी. ती कुणाला कायद्यानं बांधत नाही, पण पुढे बोलावणं गेलं की ते अनोळखी वाटत नाही. मध्यस्थ म्हणून निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणारे वकील चालतात. कोर्टातल्या मध्यस्थांना चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं, त्याहून कमी ठेवू नये. आणि गावात मान असलेला माणूस म्हणून कुणाला घेऊ नये: मान असलेल्या माणसाला निवाडा द्यायची सवय असते.

फी तक्रारदाराकडून नोंदणीला शे-दोनशे, आणि समझोता झाला तर दोघांकडून सारखी. समोरच्याकडून बसण्याआधी काहीही मागू नये. महिन्याच्या शेवटी चारच आकडे मांडावेत: किती जणांना बोलावलं, किती जणांनी उत्तर दिलं, किती बसले, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या किती समझोत्यांचे सगळे पैसे पोचले. पहिला आकडा वाढतो आणि दुसरा जागेवर राहतो, तेव्हा नवीन तालुका उघडायचा नाही. संदेश, वेळ, भाषा, फोन करणारा माणूस यांत काय बिघडलंय ते शोधायचं.

शेवटचा हप्ता आला की फाइल बंद होत नाही. ज्याला पैसे मिळाले त्याच्याकडून ‘काही येणं राहिलं नाही’ अशी दोन भाषांतली पावती घ्यावी आणि ती पैसे देणाऱ्याला त्याच दिवशी पाठवावी. हमी म्हणून दिलेला कोरा धनादेश परत गेला का ते विचारावं, ई-मॅन्डेट रद्द झालं का ते बघावं; चालू राहिलेलं मॅन्डेट जास्तीचा हप्ता कापतं आणि मिटलेलं भांडण नव्यानं पेटतं. लोकअदालतीचा निवाडा असेल तर पावतीची प्रत त्या कागदाला जोडून ठेवावी, कारण हुकूमनाम्याचा अंमल बारा वर्षांपर्यंत मागता येतो. आधारची प्रत, बैठकीतली टिपणं सेवेकडून पुसून टाकावीत आणि पुसल्याचं दोघांना कळवावं. या वेळचा समोरचा पुढच्या वेळी तक्रारदार म्हणून येऊ शकतो. त्याच्याकडेही थकलेली बिलं असतातच.